हात, हत्यार आणि हक्काचे लाकूड : चंद्रपूर-गडचिरोलीतील सुतारकामाच्या शिक्षणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे वनसंपत्तीसाठी सर्वपरिचित आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत हा एकच विस्तीर्ण जिल्हा होता आणि ब्रिटिशकालीन कागदपत्रांत त्याचा उल्लेख 'चांदा' असा येतो. गडचिरोलीच्या १४,४१२ चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी सुमारे दोन-तृतीयांश भाग आजही वनाच्छादित आहे. अहेरी-आलापल्ली परिसरातील साग एकोणिसाव्या शतकापासून नावाजलेला आहे. आलापल्लीजवळील नैसर्गिक सागवनाचा एक लहानसा भाग १९५३ पासून न तोडता राखण्यात आला असून 'वनवैभव' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या क्षेत्राला २०१४ मध्ये जैविक वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

अशा प्रदेशात लाकडी आसने, खुर्च्या व अन्य सामान घडविणारी नामांकित कारागिरी उदयास यावी, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. गुजरातमधील संखेडा सागाच्या कातीव व लाखकाम केलेल्या सामानासाठी, तर कोकणातील सावंतवाडी रंगीत लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध झाली. चांद्याच्या बाबतीत मात्र लाकडाची कीर्ती झाली, घडणीची झाली नाही. या विसंगतीचे कारण सामान्यतः 'कौशल्याचा अभाव' असे सांगितले जाते आणि त्यावर 'प्रशिक्षण' हा उपाय सुचविला जातो. हे निदान इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी खुर्ची हे उदाहरण मध्यवर्ती मानून या भागात सुतारकाम कसे शिकले व शिकविले गेले, आणि शिकणाऱ्याच्या हाती लाकूड कोणत्या हक्काने येत होते, या दोन प्रश्नांचा एकत्रित विचार केला आहे.

बलुतेदारीतील शिक्षण : नांगर, बाज आणि चाक

मराठी मुलखातील ग्रामव्यवस्थेत सुतार हा प्रमुख बलुतेदारांपैकी एक होता. मध्य प्रांतातील जातिजमातींविषयी रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुतारांची स्वतंत्र नोंद आहे. नांगर, वखर, तिफण यांची घडण व दुरुस्ती हे त्याचे मुख्य काम आणि सुगीच्या वेळी मिळणारे धान्य हा त्याचा मोबदला. या व्यवस्थेत शिक्षण आणि उत्पादन यांत भेद नव्हता. मुलगा बापाच्या कामाच्या जागी बसे, प्रथम हत्यारांना धार लावण्यास शिके, नंतर वाकसाने लाकूड तासू लागे, आणि रंधा, पटाशी, गिरमीट व गुण्या ही हत्यारे त्याच्या हाती क्रमाने येत. कोणत्या कामाला कोणते लाकूड, हा या अभ्यासक्रमाचा पहिला धडा होता. कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि गाडीच्या आसाला चिवट धावडा, शेतीच्या अवजारांना तिवस, दारे-खिडक्यांना साग किंवा बिजा, हलक्या कामाला शिवण, कोरीव कामाला हळदू अशी निवड अनुभवाने ठरलेली होती.

या घडणीत खुर्ची नव्हती, कारण घरात खुर्ची नव्हती. बसण्यासाठी पाट, चौरंग, घोंगडी किंवा अंगणातील बाज पुरेशी होती. 'खुर्ची' हा शब्दही अरबी-फारसीतून मराठीत आला. परंतु खुर्ची घडविण्यासाठी जे तंत्र लागते, ते या सुताराजवळ पूर्णपणे होते, ही बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. खुर्चीचे आयुष्य तिच्या सांध्यांवर अवलंबून असते. बसणारा मागे रेलतो, पुढे झुकतो, कधी दोनच पायांवर तोल धरतो. त्यामुळे पेटी किंवा कपाटाच्या सांध्यांवर कधीही न पडणारा ताण खुर्चीच्या सांध्यांना सहन करावा लागतो. त्यातच तिचे पाय आणि पाठ क्वचितच काटकोनात असतात. म्हणून तिरप्या दिशेने अचूक खोबण पाडणे आणि तीत घट्ट बसेल असे कुसू तयार करणे, हे खुर्चीकामाचे मर्म होय.

बैलगाडीचे चाक हेच तंत्र अधिक कठोरपणे मागते. मध्यभागी तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसविलेले पुठ्ठे आणि सर्वांभोवती तापवून चढविलेली लोखंडी धाव अशी त्याची रचना असते. धाव थंड होताना आकुंचन पावते आणि प्रत्येक सांधा आवळला जातो. एकही आरा ढिला राहिला तर खाचखळग्यांच्या वाटेवर चाक निखळते. लाकूड वाळताना सर्व दिशांनी सारखे आकसत नाही, याचे व्यवहारज्ञान या कामात अनिवार्य असते. सागासारखे स्थिर मानले जाणारे लाकूडही ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत वाढवलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के, तर गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते. पाश्चात्त्य देशांत हातखुर्चीच्या परंपरेचे पुनरुज्जीवन करणाऱ्यांनी याच गुणधर्माचा आधार घेतला. अमेरिकेतील जॉन अलेक्झांडर यांच्या १९७८ मधील पुस्तकाने ही पद्धत नव्या कारागिरांपर्यंत पोहोचविली. वाळलेले कुसू किंचित ओलसर पायात ठोकावे, म्हणजे पाय वाळताना ते कुसू घट्ट पकडून ठेवतो, हे तिचे सार आहे. बाजेचे गाते खुरात बसविणाऱ्या आणि आरे तुंब्यात ठोकणाऱ्या सुताराला हे सूत्र नवे वाटण्याचे कारण नव्हते.

आदिवासी समाजातही लाकूडकाम परके नव्हते. घरबांधणी, शेतीची अवजारे आणि गोटुलाचे खांब यांची घडण गावातच होई. शेजारच्या बस्तरमधील लाकडी फण्या, तंबाखूच्या डब्या व कोरीव खांबांचे दस्तऐवजीकरण व्हेरिअर एल्विन यांनी १९५१ च्या आपल्या मध्य भारतीय आदिवासी कलेवरील ग्रंथात केले आहे. सारांश, खुर्ची घडविण्यास आवश्यक असलेला हात या प्रदेशात खुर्चीच्या आधीपासून तयार होता.

कचेरीबरोबर आलेली खुर्ची, कायद्याबरोबर गेलेले लाकूड

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. नव्या प्रशासनासोबत कचेरी, न्यायालय, शाळा आणि डाकबंगला या संस्था आल्या, आणि त्यांच्यासोबत खुर्ची आली. ती बसण्याची सोय होती त्याहून अधिक अधिकाराची खूण होती. साहेब खुर्चीवर आणि रयत जमिनीवर ही मांडणी पुढे दीर्घकाळ टिकली. 'खुर्ची' या शब्दाला मराठीत पद आणि सत्ता हा अर्थ चिकटला, तो अशाच व्यवहारातून.

खुर्चीची मागणी निर्माण होत असतानाच लाकडावरील ग्रामस्थांचा अधिकार मात्र आकुंचित होत गेला. रेल्वेच्या विस्तारामुळे इमारती लाकूड हा साम्राज्याच्या गरजेचा विषय बनला. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी राखीव व संरक्षित वनांची चौकट उभी केली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने ती अधिक दृढ केली. गावकऱ्यांच्या गरजांसाठी 'निस्तार' ही तरतूद ठेवण्यात आली. जळण, कुंपण, अवजारे व घरबांधणी यांसाठी ठरावीक लाकूड नाममात्र दराने किंवा सवलतीने मिळण्याची ती व्यवस्था होती.

निस्ताराचे एक वैशिष्ट्य या लेखाच्या दृष्टीने निर्णायक ठरते. निस्ताराचे लाकूड सामान्यतः घरगुती आणि शेतीच्या वापरापुरतेच होते. विक्रीसाठी वस्तू तयार करण्यास ते नव्हते. नांगराचे लाकूड निस्तारात बसत होते, कारण नांगर हे शेतीचे अवजार होते. खुर्ची ही मात्र बाजारात विकावयाची वस्तू. तिच्यासाठी सुताराला लिलावात ठेकेदाराशी स्पर्धा करावी लागणार, वाहतूक परवाना मिळवावा लागणार, आणि लाकडावर वनखात्याच्या हातोड्याची निशाणी नसेल तर गुन्ह्याला सामोरे जावे लागणार. धान्याच्या बलुत्यावर जगणाऱ्या कारागिराला हे शक्य नव्हते. म्हणजेच कायद्याने त्याला शेतीचा सुतार म्हणून राहू दिले, परंतु बाजाराचा सुतार होऊ दिले नाही.

याच काळातील युरोपचे चित्र तुलनेसाठी उद्बोधक आहे. इंग्लंडमधील हाय विकम परिसरात बीच वृक्षांच्या वनातच तात्पुरत्या झोपड्या उभारून कारागीर खुर्चीचे पाय पायचालित चरकावर कातीत. उभी झाडे ते थोड्या संख्येने विकत घेऊ शकत, आणि तयार पाय गावातील खुर्ची-कारखान्यांना पुरवीत. मध्य युरोपात मिखाएल थोनेट यांच्या उद्योगाने मोराव्हियातील कोरिचानी येथे बीच वनांच्या सान्निध्यात कारखाना उभारला. १८५९ मधील त्यांची १४ क्रमांकाची खुर्ची सुट्या भागांत पाठविली जाई, आणि अशा ३६ खुर्च्या एक घनमीटर पेटीत मावत. दोन्ही ठिकाणी वनातून बाहेर पडत होता तो घडविलेला माल. चांद्याच्या वनातून मात्र ओंडका बाहेर पडत राहिला. दोन्हींतील फरक कारागिराच्या बुद्धिमत्तेत शोधण्यापेक्षा त्याला परवडेल इतक्या लहान प्रमाणात आणि कायदेशीर मार्गाने लाकूड मिळत होते की नाही, यात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

नयी तालीम आणि आनंदवन

हस्तकौशल्याच्या शिक्षणाचा पहिला जाणीवपूर्वक विचार या प्रदेशाच्या शेजारी, वर्धा येथे झाला. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. ऑक्टोबर १९३७ मधील वर्धा शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगावर आधारित अभ्यासक्रम मांडला. त्यात सूतकताई-विणकाम आणि शेती यांच्या जोडीला सुतारकामालाही स्थान होते. प्रत्यक्षात सर्वाधिक प्रसार झाला तो सूतकताईचा. त्यामागे राष्ट्रीय आंदोलनाची प्रेरणा होती, हे खरेच. पण कापूस शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतात पिकत होता आणि सागाचे झाड सरकारच्या मालकीचे होते, ही वस्तुस्थितीही दुर्लक्षिता येत नाही. शेतातील सागही परवानगीखेरीज तोडता येत नसेल, तर शाळेच्या मूलोद्योगासाठी तो सहज मिळणे कठीणच होते.

सुतारकामाच्या शिक्षणाला वेगळा अर्थ मिळाला तो चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ. बाबा आमटे (१९१४-२००८) यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि १९५१ मध्ये खडकाळ माळरानावर आनंदवनाचे काम सुरू झाले. उपचारासोबत श्रम, आणि श्रमातून स्वावलंबन हे या वसाहतीचे सूत्र होते. शेतीपाठोपाठ विणकाम, सुतारकाम, धातुकाम असे उद्योग तेथे उभे राहिले. अपंगांच्या व्यवसायशिक्षणासाठी 'संधिनिकेतन' निघाले.

या प्रयोगाचे महत्त्व समजण्यासाठी कुष्ठरोगाचे स्वरूप लक्षात घ्यावे लागते. या रोगात हाताच्या मज्जातंतूंना इजा होते, बोटांची संवेदना जाते, अनामिका व करंगळी आखडतात, पकड कमकुवत होते. सुताराला रंधा मारलेला पृष्ठभाग डोळ्यांपेक्षा बोटांनी अधिक कळतो, आणि पटाशीचा दाब तळहात ठरवितो. ज्याच्या तळहाताला जखम झाल्याचेही कळत नाही, त्याने पटाशी हाती धरणे धोक्याचे असते. तेथे स्पर्शाची जागा दृष्टीला आणि सवयीला घ्यावी लागते. अशा हातांनीही सुतारकाम शिकता येते, हे आनंदवनाने दाखवून दिले. त्यातून निघणारा निष्कर्ष कारागिरीच्या इतिहासासाठी मोलाचा आहे. कौशल्य ही जातीने किंवा जन्माने मिळणारी देणगी नाही. काम करण्याची हमी, शिकण्यास पुरेसा वेळ, हत्यार आणि कच्चा माल उपलब्ध असेल तर ते कोणालाही संपादन करता येते. संस्थेच्या स्वतःच्या इमारती आणि वापराच्या वस्तूंची गरज हे तेथील शिक्षणाचे पहिले ग्राहक होते. एकट्या ग्रामीण सुताराजवळ नेमके हेच पाठबळ नव्हते.

प्रशिक्षणाची वाढ आणि शिक्षणाची घट

स्वातंत्र्योत्तर काळात १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे उभे राहिले आणि 'सुतार' हा एक वर्षाचा व्यवसाय-अभ्यासक्रम झाला. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने कारखान्यातील उमेदवारीला कायदेशीर रूप दिले. पिढीजात बंधनांतून व्यवसाय मुक्त झाला, ही या बदलाची जमेची बाजू निःसंशय मोठी आहे.

परंतु याच काळात गावातील जुना अभ्यासक्रम मोडत गेला. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ मध्येच आला होता. पुढे लोखंडी अवजारे, रबरी टायरची गाडी आणि ट्रॅक्टर यांनी नांगर व चाक ही सुताराची दोन्ही मुख्य कामे काढून घेतली. चाक गेले आणि त्याबरोबर तिरप्या सांध्यांची शाळाही बंद पडली. त्या जागी खुर्ची-टेबलाची बाजारपेठ उभी राहू शकली असती. प्रत्यक्षात १९७४ मध्ये स्थापन झालेले वनविकास महामंडळ आणि वनखात्याचे बल्लारशा येथील आगार यांच्यामार्फत उत्तम प्रतीचा माल मोठ्या लिलावांतून बाहेर जात राहिला. डिसेंबर १९९६ मधील गोदावर्मन प्रकरणाच्या आदेशाने वनक्षेत्रातील विनापरवाना आरागिरण्यांवर टाच आली. वनरक्षणासाठी हा आदेश आवश्यक होता, यात शंका नाही. मात्र चोरटा व्यापारी आणि एक-दोन ओंडके चिरून घेणारा सुतार यांच्यात फरक करणारी सोपी व्यवस्था त्याबरोबर आली नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांमध्ये सुतारांचा समावेश आहे. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि सवलतीच्या व्याजाने कर्ज अशी तिची तरतूद आहे. हत्यार, भांडवल आणि प्रमाणपत्र या तिन्ही गोष्टी तीत आहेत, लाकूड नाही.

हीच विसंगती एका अलीकडील घटनेत ठळकपणे दिसते. मार्च २०२३ मध्ये अयोध्येतील राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागाची पहिली खेप समारंभपूर्वक रवाना झाली. जिल्ह्याच्या सागाचा तो यथोचित गौरव होता. मंदिराच्या दारांवरील कोरीव काम मात्र हैदराबादच्या व्यवसायसंस्थेमार्फत तमिळनाडूतील कारागिरांनी केले. त्या कारागिरांच्या पात्रतेविषयी प्रश्न नाही. मंदिर-काष्ठकामाची अखंड परंपरा, आश्रय आणि लाकूड त्यांना मिळत राहिले. ज्या जिल्ह्याने लाकूड दिले, त्याला यांपैकी एकही गोष्ट सलगपणे लाभली नाही.

बांबूला मिळालेला हक्क

या विवेचनाला पडताळा देणारे उदाहरण याच प्रदेशात उपलब्ध आहे, ते बांबूचे. १९२७ च्या अधिनियमात बांबूचा समावेश 'झाड' या व्याख्येत होता. बल्लारपूरच्या कागद गिरणीला सरकारी वनांतील बांबू मिळत असताना बुरुड कारागीर आणि आदिवासी यांना तो मर्यादित प्रमाणातच मिळे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. २०१७ च्या दुरुस्तीने बांबू 'झाड' या व्याख्येतूनही वगळला गेला.

शिक्षणाच्या क्षेत्रात याचा परिणाम लवकरच दिसला. २०१४ मध्ये चंद्रपूरजवळील चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राची घोषणा झाली. तेथे पदविका अभ्यासक्रमासह खुर्च्या, टेबले व अन्य वस्तूंची घडण शिकविली जाते. शिकलेला तरुण किंवा तरुणी गावी परतल्यावर बांबू मिळविण्यासाठी त्याला किंवा तिला गुन्हेगार व्हावे लागत नाही. बाजारपेठ, रचना आणि टिकाऊपणाचे प्रश्न तेथेही आहेत, पण शिकलेले वापरून पाहण्याची शक्यता आहे.

इमारती लाकडाचे तसे नाही. वनहक्क कायद्यातील गौण वनोपजाच्या व्याख्येत काष्ठ येत नाही. निस्ताराचा हक्क मान्य झाला, पण त्याची घरगुती वापराची परंपरागत मर्यादा कायम राहिली. परिणामी त्याच गावात बांबूची खुर्ची घडविणे हा हक्काचा उद्योग ठरतो, आणि सागाची खुर्ची घडविण्याचा मार्ग आजही लिलावातूनच जातो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, चांदा प्रदेशातील सुताराजवळ खुर्ची घडविण्यास आवश्यक असलेले तंत्र चाक आणि बाज यांच्या घडणीतून आलेले होते. त्यामुळे 'कौशल्याचा अभाव' हे कारण इतिहासाला धरून नाही. दुसरी, निस्ताराच्या मर्यादेने कारागिराला शेतीच्या गरजेपुरते लाकूड दिले आणि बाजारपेठेसाठीच्या लाकडापासून दूर ठेवले. तिसरी, आनंदवनाच्या अनुभवावरून असे दिसते की साधन आणि कामाची हमी असल्यास शारीरिक मर्यादाही शिक्षणाच्या आड येत नाहीत. चौथी, बांबूच्या उदाहरणावरून कच्च्या मालावरील हक्क आणि कौशल्याचे शिक्षण यांचा संबंध प्रत्यक्ष असल्याचे सिद्ध होते.

साध्या लाकडी खुर्चीला, चिराईतील घट धरूनही, सुमारे एक घनफूट लाकूड पुरते. एवढ्या अल्प मागणीने वनाचा नाश होत नाही. विरळणीतून निघणारे कमी जाडीचे साग, तसेच मोठ्या लिलावात कमी भावाने जाणारे आखूड नग, नोंदणीकृत कारागिरांसाठी आणि त्यांच्या सहकारी संस्थांसाठी ठरलेल्या दराने राखून ठेवता येतील. प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राला अशा लाकडाच्या वार्षिक कोट्याची जोड देता येईल. सुतारकाम हे वर्गात समजते, पण पक्के होते ते शंभराव्या सांध्यावर, आणि त्या शंभर सांध्यांना लाकूड लागते. वनसमृद्ध जिल्ह्यातील तरुणाला हत्यार देऊन लाकूड नाकारणे, हे नांगर देऊन जमीन नाकारण्यासारखेच आहे. कारागिरी-शिक्षणाचे धोरण आखताना वनधोरणाचा विचार त्यापासून अलग ठेवता येणार नाही, हाच या इतिहासाचा बोध होय.